सौ. सुमन यांजकडून

बाईने पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढलं आणि चहावाल्यापुढे धरलं. झालं ते एवढंच. तारकपूर स्टँडजवळची टपरी, ऊन चढायला लागलेलं, आणि स्कूटरचं पंक्चर काढायला टाकून नितीन रस्त्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलेला. टपरीवर कागदी कप होते, काचेचे ग्लास होते, तरी कुणी घरचं भांडं पुढे करावं याचं चहावाल्याला काही वाटलं नाही. त्याने सवयीने किटली तिरकी केली, म्हणजे ही बाई इथे नेहमी येत असणार. बाईने आधी स्वतः दोन घोट घेतले आणि मग तेच फुलपात्र शेजारी उभ्या असलेल्या तरुण पोरीच्या हातात दिलं. पोरगी घुटमळली. बाई काहीतरी बोलली. पोरीने डोळे मिटून, औषध घ्यावं तसा घोट घेतला. तेव्हा फुलपात्राचा काठ उन्हात चमकला, काठाखालची कोरलेली ओळ एवढ्या लांबून वाचता येणं शक्यच नव्हतं, आणि तरी नितीनने ती वाचली. फुलपात्र त्याने ओळखलं आणि मग त्यावरून बाई ओळखली. या उलट्या क्रमाची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरणार होती. सख्ख्या बहिणीच्या आधी माणसाला भांडं ओळखू यावं!

अक्का. सुमनअक्का. काष्टीच्या घरात आई लवकर गेली तेव्हा हिच्या कडेवर बसून तो मोठा झाला. हिची तिसरीतून शाळा सुटली आणि त्याची पुढे एम.एस्सी.पर्यंत चालू राहिली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्यानेही कधी काढून बघितलं नाही. आता ती रस्त्यापलीकडे उभी होती. तब्येत चांगली दिसत होती, अंगाने भरली होती, केसांत चांदी आली होती. सरकारी दवाखान्यात गोळ्या घ्यायला ती जामखेडहून नगरला येते हे त्याला माहीत होतं. म्हणजे ती येते, दवाखान्यात जाते, इथे चहा पिते आणि परत जाते, आणि सावेडीतल्या त्याच्या फ्लॅटपर्यंत रिक्षाने जायला लागतो तेवढ्या वेळापुरतंही तिला तिकडे यावंसं वाटत नाही. तिने यावं असं आपल्याला तरी कुठे वाटतं, असं त्याच्या मनात आलं. लगेच त्याने ते परतवलं, कारण येत्या रविवारी वडिलांचं, दादांचं, पहिलं पुण्यस्मरण होतं आणि अक्काला फोन करायचा म्हणून तो गेले कित्येक दिवस मोबाईल हातात घेत होता. घेत होता आणि खाली ठेवत होता. आज करू, उद्या करू. फोन करून नुसतं ये म्हणायचं नव्हतं, ते नेहमीच म्हणता येतं. या वेळी पाण्याच्या तांब्याला तुझा हात लाव म्हणायचं होतं, आणि ते कसं म्हणायचं हे काही केल्या जुळत नव्हतं.

फुलपात्रं सहा होती. त्याच्या लग्नात अक्काने दिलेली. तेव्हा तिचं खर्ड्याचं सासर नीट चाललं होतं. नवऱ्याबरोबर ती नगरच्या बाजारात आली, सहा फुलपात्रं घेतली आणि दुकानाच्या दारात मशीन घेऊन बसलेल्या नावं घालणाऱ्यासमोर उकिडवी बसून राहिली. 'चि. नितीन व चि.सौ.कां. माधुरी यांस सौ. सुमन यांजकडून.' तिच्या हट्टामुळे सुमन हा शब्द इतर शब्दांपेक्षा मोठा आला होता. लग्नाच्या मांडवात ती ज्याला त्याला ते दाखवत फिरत होती, नि वाच म्हणत होती, आणि नितीनला तेव्हा माधुरीच्या माहेरच्या लोकांसमोर जरा संकोचल्यासारखं झालं होतं. शहाणा माणूस कशाकशाचा संकोच करील काही सांगता येत नाही. पुढे अक्काचा नवरा आजारी पडला, वर्षभर झिजला, गेला. दवाखान्यात अक्काचंही रक्त तपासलं. आजार नवऱ्याकडून आला होता, पण खर्ड्याला सासरच्यांनी दोष तिच्या पदरात घातला, तिची वाकळ परड्यात जाळली आणि तिला एका पिशवीनिशी नगरच्या एस.टी.त बसवून दिलं. ती भावाकडे आली. दुसरीकडे कुठे जाणार होती?

नितीन ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवत होता, अजूनही शिकवतो. हा आजार कशाने पसरतो आणि कशाने पसरत नाही, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. एका ताटात जेवल्याने नाही, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने नाही, हात हातात घेतल्याने नाही. पोरं भराभर उतरवून घेत. तेव्हा अज्ञान होतं असं त्याला म्हणताच येत नव्हतं, आणि नेमकी तीच एक पळवाट बंद असल्यामुळे त्याने इतकी वर्षं दुसऱ्या काढल्या होत्या. लेक प्रज्ञा लहान होती, बालवाडीत जात होती, कुणाचंही उष्टं तोंडात घालायची. माधुरीच्या डोळ्यात रात्रंदिवस भीती होती. कामवाली कानाने तिखट होती. सोसायटी होती. घरात ती गोष्ट आठवायची वेळ आलीच, तर 'माधुरीने फुलपात्र वेगळं काढलं' असंच वाक्य त्याच्या मनात तयार होई, आणि इतक्या वेळा तयार होऊन ते आता खरंच वाटायला लागलं होतं. पण पायरीवर बसल्या बसल्या, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असताना, त्याला स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. माधुरी ओट्याला टेकून रडत होती. ती एवढंच म्हणाली होती, "मला भीती वाटते हो." बस, एवढंच. रॅकवर हात गेला तो त्याचा. सगळ्या भांड्यांतून ते एक फुलपात्र आणि एक ताट त्याने निवडून काढलं. "हिचं नावच आहे यावर," तो म्हणाला होता, "म्हणजे मिसळायला नको. ओळखायला सोपं." आणि त्याच नावाची उरलेली पाच घोटाळा करतील म्हणून ती त्याने स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर टाकली होती. फळ्यावर आकृती काढावी इतक्या नीटनेटकेपणाने त्याने ते केलं.

अक्काने विचारलं नाही. सकाळी चहा झाला की ती आपलं फुलपात्र बाल्कनीतल्या नळाखाली घासायची आणि कठड्यावर पालथं घालायची. तिथेच ते दिवसभर असायचं. स्वयंपाकघरात ती आपणहून येईनाशी झाली. प्रज्ञा तिच्या मांडीवर चढायला गेली की तीच पोरीला लाडाने दूर करी आणि माधुरीकडे बघून हसे. आपण काही सांगितलेलं नाही आणि तरी सगळं किती समजुतीने चाललंय, असं नितीनला तेव्हा वाटायचं. समजूत! दिवाळीनंतर ती म्हणाली, जामखेडला एका संस्थेत काम मिळतंय, राहायलाही खोली आहे, मी जाते. कुणी फार आग्रह केला नाही. ती गेली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माळ्यावरची पाच फुलपात्रं खाली आली. सहावं कठड्यावर नव्हतं, आणि माधुरी म्हणाली, चुकून गेलं असेल तिच्या पिशवीत, बरंच झालं.

हे सगळं ज्या घरात झालं त्या घरात दादाही राहत होते, ही गोष्ट नितीन नेहमी शेवटी आठवायचा. दादांचं नाव जालिंदर. दादांची कपाची गोष्ट त्यांच्या सगळ्या भावकीत माहीत होती. दादा लहान असताना बाजारातल्या एका हॉटेलाबाहेर, वळचणीला, कान तुटलेला एक कप खुंटीला अडकवलेला असे. तो त्यांच्या लोकांसाठी. आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, आपणच राखेने घासायचा आणि पालथा घालायचा. एका बाजाराच्या दिवशी दादांनी तो कप काढला आणि चहा न घेताच दगडावर आपटून फोडला. हॉटेलवाल्याच्या आधी त्यांच्या बापानेच त्यांना मारलं. पुढे छप्पन्न साल आलं, दीक्षा झाली, घर बौद्ध झालं, वळचण सुटली. पण दादा दर चौदा एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करता करता ती गोष्ट सांगत. प्रत्येक वेळी त्यांचा हात वर जाई आणि पोरं दचकून मागे सरत. अक्का फ्लॅटमधून गेली त्या वर्षापासून दादांनी ती गोष्ट सांगायची बंद केली. म्हातारपण, असं नितीनला वाटलं. मग ती गोष्ट तो स्वतः सांगू लागला. विहारात, कॉलेजात, जयंतीच्या व्यासपीठावर. चांगली सांगायचा, लोक हळहळायचे. दादा पुढच्या रांगेत बसलेले असत आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहत. एकदा घरी परतताना ते रिक्षात एवढंच म्हणाले होते, "तू लई चांगला बोलतो रं." त्या बोलण्यात काही होतं का, हे विचारायला आता दादा नव्हते.

गेल्या वर्षी दादा गेले तेव्हा अक्का आली. पांढरं पातळ नेसून आली. जलदानाच्या विधीला भंतेजींनी घरच्यांना पुढे बोलावलं. सगळ्यांनी मिळून तांब्या धरायचा असतो आणि खालच्या वाटीत पाणी सोडायचं असतं, वाटी भरून वाहीपर्यंत. नितीनने धरला, माधुरीने धरला, प्रज्ञाने धरला, चुलतभाऊ, पुतणे, ज्यांचा हात तांब्याला पोचेना त्यांनी पुढच्याच्या दंडाला हात लावला. अक्का भिंतीला टेकून उभी होती. नितीनने मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती बघतच होती. एक हाक मारायची होती, 'अक्का, ये.' दोन अक्षरं आणि एक. पण माधुरीचा भाऊ मागे उभा होता, सोसायटीतले दोघेतिघे होते, आणि त्याने मान परत वळवली. पाणी वाटीतून बाहेर सांडायला लागलं होतं. बापाची थोरली लेक भिंतीशी ठेवून त्याने बापाला पाणी दिलं.

पंक्चरवाला म्हणाला, झालं सर. नितीनने ऐकलं नाही. तो रस्ता ओलांडत होता. काढता पाय घेता आला असता, स्कूटर तयार होती, तिने त्याला बघितलंही नव्हतं. तरी तो गेला, एवढं त्याच्या पदरात घालायला हरकत नाही.

"अक्का."

ती वळली. "आगं बया! नितीन?" तिचा चेहरा उजळला, आणि त्याच वेळी तिचा हात आपोआप मागे गेला. फुलपात्र पोरीकडून परत तिच्या हातात आलं होतं, ते तिने पदराआड घेतलं. "हितं कुटं तू? बस की. ए भाऊ, याला चहा दे. काचंच्या ग्लासात दे, धुऊन दे नीट."

"अक्का, मला यातच दे."

"यात? यात उष्टं हाय. संपला बी." तिने फुलपात्र कलतं करून दाखवलं. तळाशी नुसती चहाची पूड होती. मग तिने शेजारच्या पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "ही निकिता. माज्यासंगट आलीय. नवीन हाय बिचारी, पयल्या गोळ्या आज घेतल्या. लई घाबरलीय." पोरीने मान वर केली नाही. विशी-बाविशीची असेल. प्रज्ञापेक्षा जेमतेम मोठी.

काचेचा ग्लास आला. तो हातात धरून नितीन फुलपात्राकडे बघत राहिला. सुमन या नावातला 'म' घासून घासून पुसट झाला होता. "हे तू अजून जपलंस," तो म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "माधुरीला वाटलं, चुकून आलं तुझ्याकडे."

"चुकून कशाला यील? दादांनी पिशवीत घातलं. म्हन्ले, ने हे. तुजं नाव हाय त्यावर."

"दादांनी?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तू कॉलेजला गेला न माधुरी पोरीला सोडाय गेली की दादा बालकनीत यायचे. मी धुऊन पालथं घातलेलं असायचं, ते उचलायचे न म्हनायचे, वत यात चहा. आदी ते पेचे, मग मला द्यायचे. मी लई भ्याले हुते पयल्यांदा. म्हन्लं, दादा, असं करू नगा, तुमाला काई झालं म्हंजी? तर म्हन्ले, लहानपनी मी एक कप फोडला. हे काय फोडता यायचं न्हाई, स्टीलचं हाय. मग काय करू? पेतो." ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "तू न माधुरी यायच्या आदी आमी धुऊन ठिवायचो पुन्ना. दोगंबी. चोरून चहा पेल्यावानी."

नितीनच्या हातातला ग्लास गरम होता, तो त्याने घट्ट धरून ठेवला. त्याच्या घरात, त्याच्या पाठीमागे, त्याचा बाप रोज कप फोडत होता आणि त्याला आवाज आला नव्हता. तो त्या वेळी वर्गात उभा राहून कशाने पसरत नाही ते लिहून देत असेल. "दादा मला काही बोलले नाहीत," तो म्हणाला.

"काय बोलतील? ल्योक हाय तू त्यांचा. तुज्याच घरात ऱ्हात हुते." हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं की त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. "आता मी या पोरींना देते. आदी मी पेते, मग त्यांना. घरी कुनी देत न्हाई त्यांना."

आता बोलायलाच हवं होतं. "रविवारी दादांचं पुण्यस्मरण आहे, अक्का."

"म्हाईत हाय मला. बापाची तारीक इसरंन व्हय मी?"

"तू ये. पाणी सोडताना तांब्या तू धर. सगळ्यांच्या आधी. मी सांगतो सगळ्यांना."

स्टँडवरून जामखेडच्या गाडीची घोषणा झाली, निकिताने मान वर केली. अक्काने तिला डोळ्यानेच थांब म्हटलं. "न्हाई रं," ती म्हणाली. पंगतीत नको असलेला पदार्थ नको म्हणावा, तितक्या हळू. "गेल्या वर्षी मी भिंतीला हुते. तू वळून बगितलंस माज्याकडं. मला वाटलं, आता हाक मारतोय. मी पदर खवसून तयारबी हुते."

"मी हाक मारायला हवी होती."

"हवी हुती."

जाऊ दे, असं ती म्हणेल म्हणून तो थांबला. आयुष्यभर ती जाऊ दे म्हणत आली होती. आईचं, शाळेचं, सासरचं, कठड्यावरच्या फुलपात्राचं. या वेळी तिने तो शब्द काढला नाही. ती टपरीच्या पिंपाशी गेली, फुलपात्र विसळलं, पदराने पुसून कोरडं केलं. "दादांना पानी मी माज्या खोलीवर देते रविवारी. ह्याच्यातनं. ह्या चारदोन पोरी येत्यात, त्या धरत्यात संगट. त्यांना चालंल. यातनं पेलेत ते." मग तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, लहानपणी शाळेत सोडताना फिरवायची तसा. हात ओला होता. "तू नीट कर तिकडं. माधुरीला सांग, मी बरी हाय. प्रज्ञाला बगावं वाटतं."

"अक्का, ते फुलपात्र मला दे." हे आपण का मागतोय ते त्याला नीट कळत नव्हतं. परत न्यावं, पाचांत ठेवावं, सहा व्हावीत, असलंच काहीतरी.

तिने ते पिशवीत ठेवलं आणि पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. "हे लागतं मला," ती म्हणाली. "तुज्याकडं हायेत की पाच."

गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर-जामखेड लिहिलं होतं. अक्काने आधी निकिताला वर चढवलं, मग स्वतः चढली. खिडकीतून तिने हात केला की नाही हे गर्दीत दिसलं नाही.

घरी आला तेव्हा जेवणं व्हायची होती. प्रज्ञा टेबलावर पाणी भरून ठेवत होती. आईबाबांचं, आपलं. फुलपात्रांवरचं नाव तिने जन्मभर बघितलं होतं आणि बहुधा कधीच वाचलं नव्हतं. "बाबा, आत्या येणारे का रविवारी?" तिने विचारलं. नाही, तो म्हणाला. "का?" बारावीची पोर, उत्तरं मागायची तिला सवय होती आणि त्याला द्यायची. त्याने तोंड उघडलं. कशाने पसरत नाही ते त्याला सगळं येत होतं. "मी बोलावलं नाही तिला," तो म्हणाला, "बोलवायचं तेव्हा." प्रज्ञाला काही कळलं नाही. ती ताटं घ्यायला आत गेली.

त्याने पाणी पिऊन टाकलं. मग उठून बाल्कनीत गेला, नळाखाली फुलपात्र घासलं, आतून, बाहेरून, काठाखालच्या अक्षरांतून बोट फिरवत, आणि कठड्यावर पालथं घातलं. पाणी ओघळून खाली गेलं. माधुरी दारात आली. तिथे कशाला ठेवलंत, असं विचारायला तिने तोंड उघडलं होतं. पण ती जागा तिने ओळखली असावी. ती तशीच उभी राहिली.